शहरातला मुक्काम तासांनी मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पर्यटनाच्या पुरवण्यांत ‘तीन दिवसांत अमुक शहर’ अशी वेळापत्रके नेहमी छापून येतात. ती वाचणारा माणूस जणू रोज सकाळी आठला ताजातवाना, हात हलवत बाहेर पडणार असतो. तीन-चार आठवड्यांच्या प्रवासात मधेच दोन रात्रींपुरते एखाद्या मोठ्या शहरात उतरणाऱ्यांना ती लागू पडत नाहीत. त्यांचे गणित तासांचे असते आणि नेमके तेच कोणी मांडत नाही.

विमान सकाळी दहाला उतरले, तरी इमिग्रेशन, सामान आणि शहरापर्यंतची गाडी यांत सहज एक वाजतो. हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. निघायच्या दिवशी ती अकरा-बाराला सोडायची आणि विमानाच्या तीन तास आधी विमानतळ गाठायचा. म्हणजे कागदावरच्या तीन दिवसांतून हाती लागतो एक अख्खा दिवस आणि दोन तुकडे. मोठे संग्रहालय तपासणीच्या रांगेसह चार तास घेते. नकाशावर एका ठिपक्यात होणारी मेट्रोची अदलाबदल मोठ्या स्थानकात जिने आणि बोगद्यांतून दहा मिनिटांची चाल असते. त्यामुळे एका दिवशी शहराचा एकच भाग धरावा आणि तो पायी पाहावा. दिवसातून दोनदा शहर आडवे ओलांडायला लावणारी यादी खुशाल बाजूला ठेवावी.

विमानतळाच्या नावावर जाऊ नये. टोकियोचा नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे, हानेडा मात्र शहरातच. पॅरिसच्या नावाने तिकीट विकले जाणारे बोव्हे तर ८० किलोमीटरहून लांब आहे. पहाटेचे विमान घेताना शहरातून पहिली गाडी किती वाजता सुटते, हे तिकीट काढण्याआधी पाहायला हवे.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो साप्ताहिक सुट्टीचा. पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, तिथलेच ऑर्से संग्रहालय सोमवारी. इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकीच्या रविवारी बंद, आणि त्या शेवटच्या रविवारी प्रवेश फुकट असल्याने रांग संपता संपत नाही. एक जागा बंद असली की तिथली गर्दी दुसरीकडे वळते, म्हणून मंगळवारी ऑर्सेला जाणेही फारसे सुखाचे नाही. उलट ऑर्से गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडे असते. पोहोचण्याचा दिवस गुरुवार असेल, तर वाया जाणारी संध्याकाळ तिथे सत्कारणी लागते. आधी वार पाहावा आणि मग मुक्कामाच्या तारखा ठरवाव्यात, हा क्रम उलटा झाला की पुढचे सगळे बिघडते.

वेळ ठरवून दिलेली तिकिटे निघण्याआधीच काढलेली बरी. ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक हाऊस या संग्रहालयाची तिकिटे दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी खुली होतात. तो मंगळवार प्रवासातच येत असेल, तर मोबाइलमध्ये गजर लावून ठेवावा. रोमच्या कलोसियमच्या तिकिटावर नाव असते. ते पासपोर्टशी जुळावे लागते, तेव्हा घाईत टोपणनाव भरू नये.

सामानाचा विचार शेवटच्या सकाळवर ढकलू नये. खोली सोडल्यावर हॉटेलात बॅग ठेवून घेतात, हा सर्वांत सोपा मार्ग. स्थानकावरच्या लॉकरवर विसंबायचे, तर मोठ्या बॅगेचे कप्पे थोडेच असतात आणि सकाळीच भरून जातात, हे धरून चालावे. जपानमध्ये लॉकरचे भाडे बहुधा तारखेप्रमाणे लागते. रात्री दहाला ठेवलेली बॅग सकाळी सातला काढली, तरी दोन दिवसांचे पैसे जातात. कप्पा बंद केल्यावर पावतीचा फोटो काढावाच, पण लॉकरची रांग आणि जवळच्या दाराचा क्रमांक दिसेल असा आणखी एक काढावा. मोठ्या स्थानकात सारखे दिसणारे लॉकर चार-पाच ठिकाणी असतात आणि गाडीची वेळ झालेली असताना हाच फोटो कामी येतो.

वाहतुकीचा पास घेताना तो चोवीस तासांचा आहे की त्या तारखेपुरता, हे विचारावे. तारखेपुरता पास संध्याकाळी पाचला घेण्यात काहीच अर्थ नाही. लंडनमध्ये बँकेचे कार्ड टेकवले की दिवसाच्या कमाल भाड्याची मर्यादा आपोआप लागू होते. मात्र तेच कार्ड सकाळी प्लास्टिकचे आणि दुपारी मोबाइलमधले वापरले, तर यंत्रणा ती दोन वेगळी कार्डे समजते आणि मर्यादेचा फायदा निसटतो.

लांब प्रवासात असा मुक्काम कपडे धुण्यासाठीही लागतो. लाँड्रीत धुणे आणि सुकवणे मिळून दीड तास धरावा. जीन्स पातळ कपड्यांबरोबर ड्रायरमध्ये टाकली, तर तिचा कमरपट्टा आणि खिसे ओले राहतात आणि बॅगेत दुसऱ्या दिवशी सगळ्याच कपड्यांना कुबट वास सुटतो. पूर्वेकडे प्रवास झाला असेल, तर रात्री झोप लवकर येत नाही आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. अशा वेळी पहिल्या सकाळी नऊचे तिकीट काढू नये, अकरानंतरचे काढावे.

संपादक महाशय, यापुढे अशी वेळापत्रके छापताना प्रत्येक ठिकाणापुढे बंदचा वार आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ द्यावी, ही विनंती. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या वेळेआधी बहुधा पाऊण ते एक तास असतो, आणि पुष्कळ लोक दारावरून परत फिरतात ते त्यामुळेच. सोबत विमानतळापासून लागणारा वेळ आणि बॅग ठेवण्याची सोयही छापता आली, तर यादीतली दोन-तीन ठिकाणे गाळली तरी चालतील.

आपला,
एक नियमित वाचक