कर नाही त्याला डर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे विचारलंस त्याचा मला राग आला नाही. तुझी एसएसबी, म्हणजे फौजेत अधिकारी होण्यासाठीची निवड मुलाखत, तोंडावर आली आहे आणि बाप मानवी हक्कवाल्यांच्या कार्यालयात बसतो. उद्या पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये हे आडवं येईल का, अशी शंका कोणालाही यावी. पण शेवटी तू म्हणालास, ‘बाबा, तुम्ही फौजेच्या विरोधात कधीपासून गेलात?’ त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं.

तुझे आजोबा हवालदार म्हणून पेन्शनीत आले. कोणाला धरल्याची बातमी ऐकली की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असे: कर नाही त्याला डर कशाला. पुढे मीही तेच म्हणायला लागलो. वर्दीतल्या माणसाला ही म्हण फार सोयीची पडते. आपण ज्याला धरलं तो दोषीच असणार, असं एकदा मानलं की पुढचे प्रश्नच पडत नाहीत.

मी मणिपूरमध्ये तैनात असताना तिथे अफस्पा, म्हणजे फौजेला विशेष अधिकार देणारा कायदा, लागू होता. हा 1958 चा कायदा, आणि त्याच्या कलम 5 प्रमाणे फौजेने पकडलेल्या माणसाला कमीत कमी वेळात जवळच्या पोलीस ठाण्यात सोपवायचं असतं, कोणत्या परिस्थितीत पकडलं त्याच्या अहवालासकट. आम्ही सोपवत असू. आधी डॉक्टरची तपासणी, मग सापडलेल्या सामानाची यादी, मग ठाण्यातल्या माणसाची सही आणि पावती. पावती फाइलला लागली की माझ्यापुरता विषय संपला. त्याला न्यायालयात कधी उभं केलं, तो घरी पोचला की नाही, हे विचारायची रीत नव्हती. खरं सांगायचं तर कोणाच्या मनातही येत नसे.

निवृत्तीनंतर माझे डोळे एकदम उघडले वगैरे काही झालं नाही. ओळखीच्या एका वकिलांकडे कागद लावायला माणूस हवा होता आणि सुभेदाराला कागद नीट लावता येतात, एवढीच माझी पात्रता. तिथे त्या पावतीच्या पुढचं जग रोज टेबलावर यायला लागलं.

एक उदाहरण देतो. एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आल्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मुलाला सोमवारी संध्याकाळी उचललं. अटक पंचनाम्यावर वेळ होती बुधवार दुपारची. राज्यघटनेचं कलम 22 म्हणतं, अटकेपासून 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करा. म्हणजे बुधवारपासून मोजलं तर सगळं नियमात, आणि सोमवारपासून मोजलं तर? 1996 च्या डी. के. बसू निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही बंधनकारक केली ती यासाठीच. इथे सही होती. पण त्याच नावाचा साक्षीदार आणखी दोन वेगळ्या प्रकरणांत निघाला. तिन्हीकडे सहीचं शेपूट तसंच खाली ओढलेलं.

तो मुलगा चोर असेलही. मला माहीत नाही, आणि ते माहीत असायची गरजही नाही. चोर असला तरी 24 तास त्याचेच आहेत. आजोबांची म्हण माझ्यापुरती तिथे अडली. ज्याने काही केलं आहे त्यालाही कायद्याबाहेर डर असता कामा नये, हे त्या म्हणीत कुठेच बसत नाही.

आता फौजेचं. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अफस्पा वैध ठरवला, पण काय करावं, काय करू नये याच्या फौजेच्याच सूचना तिच्यावर बंधनकारक आहेत असंही सांगितलं. त्या पाळा म्हणणं हा फौजेचा विरोध कसा? दुसरीकडे, कलम 6 मुळे केंद्राच्या मंजुरीशिवाय जवानावर खटला चालत नाही. फौजेविरुद्ध तक्रार आली तर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला स्वतः चौकशी करता येत नाही, तो केंद्राकडून अहवाल मागवतो आणि शिफारस करतो. माझ्या मते हे दोन्ही बदलायला हवं. परवा काकांना मी एवढंच म्हटलं की, ज्या जवानाने काही केलं नाही त्याला न्यायालयाची डर कशाला? म्हण आपल्याच घरची, पण आपल्याला लावली की ते ताडकन उठून गेले.

तुला मोठ्या हुद्द्याचा दाखला हवा असेल तर अ‍ॅडमिरल रामदास यांचं वाच. 1971 च्या लढाईतले वीरचक्र मिळालेले, 1990 ते 1993 नौदलप्रमुख. निवृत्तीनंतर भारत-पाकिस्तान शांततेसाठी काम केलं आणि 2004 चा मॅगसेसे पुरस्कार पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांच्यासोबत घेतला. मी कुठे आणि ते कुठे, पण वर्दी उतरवल्यावर प्रश्न विचारणारा मी काही पहिला नाही.

राहिलं तुझं. माझ्यावर कुठलाही गुन्हा नाही. फॉर्ममध्ये ‘निवृत्त सुभेदार’ लिही. मुलाखतीत वडील आता काय करतात असं विचारलं तर हेच काम सांग, कार्यालयाचं नाव लपवू नकोस. त्यावरून तुला अडवलं तर मला वाईट वाटेल, पण काम सोडणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. माझं म्हणणं तुला पटलंच पाहिजे असं नाही. सुट्टीला येशील तेव्हा भांड.

गुरुवारी त्या मुलाच्या जामिनाची तारीख आहे, दिवसभर फोन बंद असेल. रात्री कर.

तुझा,
बाबा