डोकेदुखीची वही

प्रिय मित्रा,

परवा फोनवर "डोकं जरा जड आहे" म्हणालास आणि लगेच विषय बदललास. तुझं ते 'जरा' मला चांगलं ठाऊक आहे. गाडीजवळ स्फोट झाला त्या दिवशीही तू कान चोळत म्हणाला होतास, "जरा घुमतंय." संध्याकाळपर्यंत एकच प्रश्न मला तीनदा विचारलास आणि आम्ही सगळे हसलो. बेशुद्ध पडलो नाही, रक्त आलं नाही, म्हणजे काही झालं नाही, हा आपला हिशोब. नोंद कोण करणार?

हिशोब साफ चुकला. बेशुद्ध न पडताही मेंदूला मार बसतो. काही वेळ गोंधळणं, मधलं न आठवणं एवढंही पुरतं. सीटी स्कॅन बहुधा स्वच्छच येतो. आणि अशा माराला डॉक्टर 'सौम्य' म्हणतात, पण तो शब्द सुरुवातीच्या लक्षणांवरून लावतात. पुढे किती सोसावं लागेल, हे त्यावरून ठरत नाही. जानेवारी 2020 मध्ये इराकातल्या अल असद तळावर इराणची क्षेपणास्त्रं पडली, तेव्हा आधी सांगितलं गेलं की एकही अमेरिकन सैनिक जखमी नाही. पुढे मेंदूला मार बसलेले 100 हून जास्त निघाले. ट्रम्प तर म्हणाले, डोकेदुखीच ती, फार गंभीर नाही. त्यांना काय बोलायचं, आपणही स्वतःला तेच सांगत आलो!

माझ्या डॉक्टरांनी वही ठेवायला लावली. दुखलं की रेघ, गोळी घेतली की फुली. महिनाअखेर फुल्या मोजल्या, 22 दिवस! साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांवर घेत राहिलं, तर गोळीच डोकं दुखवू लागते म्हणे. मला पटेना. त्यांच्या देखरेखीखाली थांबवल्या. पहिला आठवडा नुसता छळ, बायकोशीही धड बोललो नाही. मग फुल्या विरळ झाल्या. रेघा आहेत अजून, खोटं कशाला सांगू. झोपेचं औषधपाणीही चालू आहे, कारण रात्री दचकून उठलो की सकाळी डोकं ठणकणार हे ठरलेलं.

तुझ्या उशाशी गोळ्यांची किती पाकिटं आहेत ते मोज. अचानक, आजवर कधी नव्हतं असं दुखलं, बोलणं अडखळलं किंवा हातातलं बळ गेलं, तर वहीबिही नाही, सरळ इस्पितळ गाठायचं. एरवी डॉक्टरांना डोकेदुखीच्या आधी त्या स्फोटाचं सांग. तारीख आठवत नसेल तर मला विचार, माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेली आहे.

तुझाच,
जुना जोडीदार