दार उतरले म्हणून स्ट्रायकर हलवू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या व इतर दैनिकांतून मोटारीच्या देखभालीविषयी सूचना प्रसिद्ध होतात. वायपर, टायर, ब्रेक आणि बॅटरी यांचा त्यांत आवर्जून समावेश असतो, मात्र दारांविषयी काही लिहिलेले माझ्या तरी वाचनात आलेले नाही. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर पुनर्नोंदणी करून आणखी पाच वर्षे वापरल्या जाणाऱ्या मोटारी पुण्यात पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेकींचे एखादे पुढचे दार लावताना थोडे उचलून मग आपटावे लागते. आमच्या सोसायटीत रात्री दहानंतर असा आवाज आला की कोण घरी परतले, हे मला खिडकीत न जाता सांगता येते. या दाराची दुरुस्ती म्हणून जे सर्रास केले जाते ते चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत झाल्याने हा पत्रप्रपंच.

माझ्या जुन्या छोट्या मोटारीचे डावे पुढचे दार दोन वर्षांपूर्वी खाली बसू लागले. एका गॅरेजमध्ये नेले, तेव्हा कारागिराने मधल्या खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे ज्याला दाराचे लॉक पकडते तो लोखंडी आकडा, ढिला करून थोडा खाली सरकवला आणि दार पाच मिनिटांत नीट लागू लागले. सहा महिन्यांनी तीच तक्रार आणि तोच उपाय झाला. तिसऱ्या खेपेस स्ट्रायकरला खाली सरकायला जागाच उरली नव्हती आणि दार पहिल्याच खटक्यावर अडकून राहू लागले. सिंहगड रस्त्यावरच्या एका वळणावर ते खडखडले, तेव्हा शेजारी माझी ऐंशीच्या पुढची आई बसलेली होती. त्यानंतर मात्र मी स्वतःच लक्ष घातले. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाने हे आधीच करायला हवे होते, ही टीका घरात झाली आणि ती रास्त होती.

लॉकला दोन खटके असतात, हे अनेकांना ठाऊक नसते. पहिल्या खटक्यावर दार नुसते अडकते, दुसऱ्यावर ते पक्के बसते. दारे व त्यांच्या कुलपांसंबंधी संयुक्त राष्ट्रांचा जो ११ क्रमांकाचा नियम आहे, त्यात पूर्ण बसलेल्या लॉकने सुमारे ११,००० न्यूटन भार सोसावा अशी अट आहे, तर पहिल्या खटक्याकडून त्याच्या निम्म्याचीही अपेक्षा नाही. त्यामुळे ‘लागते ना दार, मग झाले’ या समजुतीवर विसंबणे धोक्याचे आहे.

दार उतरते ते बहुधा बिजागरीमुळे. बिजागरीपासून कडेपर्यंत दार जवळजवळ एक मीटर लांब असते आणि वरच्या व खालच्या बिजागरीत अंतर असते जेमतेम पस्तीस सेंटिमीटर. गाडीतून उतरताना कोणी दाराच्या कडेवर वीस किलोचा भार टाकून उठले, तर वरच्या बिजागरीवर त्याच्या जवळजवळ तिप्पट, म्हणजे सुमारे ५७ किलोची ओढ बसते, आणि दाराचे स्वतःचे वजन त्याखेरीज. आमच्या आईची दाराला धरून उठण्याची सवय आणि आमच्या गाडीचे नेमके तेच दार उतरणे, यांचा संबंध मला फार उशिरा कळला. (आता ती छताजवळच्या हँडलला धरते आणि दाराला धरले नाही, हे प्रत्येक वेळी मला ऐकवते.) वरची बिजागरी सैल झाली की दाराची मागची बाजू खाली येते, पुढच्या मडगार्डाजवळची फट वरच्या टोकाला रुंदावते आणि मागची फट वरच्या टोकाला आवळते. रबर नीट न दबल्याने पावसाचे पाणी आत येते, ते वेगळेच.

दोष कुठे आहे हे घरीच पाहता येते. दार वीतभर उघडावे, मागच्या कडेला खालून धरून हलकेच वर उचलावे आणि दुसऱ्या कोणाला बिजागऱ्यांवर विजेरीचा झोत धरून पाहायला सांगावे. पिन तिच्या भोकात हलत असेल तर पिन किंवा बुश, म्हणजे तिच्याभोवतीची छोटी नळी, झिजले आहे. बिजागरीची पट्टीच खांबावर सरकत असेल तर बोल्ट ढिले आहेत. खांबाचा पत्रा वाकताना किंवा तडकलेला दिसला, तर ते काम वेल्डिंगवाल्याचे आहे आणि घरी त्याला हात लावू नये. काहीच हलत नसेल आणि तरीही लॉक स्ट्रायकरवर चढत असेल, तर बिजागरी वाकली आहे किंवा स्ट्रायकर कोणीतरी पूर्वी हलवला आहे.

माझ्या गाडीत वरचे बुश झिजून अंडाकृती झाले होते आणि बोल्टही सैल होते. नाना पेठेत पिन आणि बुश मिळाले. दाराखाली जॅक, त्यावर लाकडी फळी आणि फळीवर जुनी सतरंजी ठेवून दाराचा भार पेलला. बिजागरीच्या पट्टीभोवती पेन्सिलने रेघ आखली, म्हणजे ती मूळ जागेवरून किती सरकली हे पुढे कळते. मग एका वेळी एकच पिन काढली, कारण दोन्ही काढल्या तर काचेसकटचे दार जॅकवरून घसरते आणि त्यातली वायरिंगही ताणली जाते. पिन बदलल्यावर वरच्या पट्टीचे बोल्ट सरकण्यापुरते ढिले करून दार केसभर उचलले आणि पुन्हा आवळले. हे सारे करताना स्ट्रायकर काढून ठेवला होता, आणि खरी मेख इथेच आहे. स्ट्रायकर जागेवर असला की दार त्याच्या आधाराने वर येते आणि बिजागरी बरोबर बसली असा भास होतो. चारही बाजूंच्या फटी सारख्या दिसू लागल्यावरच तो पुन्हा लावावा. त्याची मूळ जागा शोधावी लागत नाही, खांबाच्या रंगावर तिचा ठसा उमटलेला असतो.

सगळ्याच गाड्यांत हे जमणार नाही. काहींच्या बिजागऱ्या पत्र्याला वेल्ड केलेल्या असतात, तिथे पिन व बुश यांपलीकडे फारसे काही करता येत नाही. काहींत बोल्टपर्यंत पोहोचण्यासाठी मडगार्ड उतरवावे लागते. नव्या गाड्यांच्या दारात बाजूच्या एअरबॅगसाठी सेन्सर असू शकतात, म्हणून तिथे घरगुती प्रयोग नकोत. बिजागरीत ठोकळा अडकवून दार दाबून वाकवण्याची जी ‘झटपट’ पद्धत काही ठिकाणी पाहायला मिळते, तिला तर माझा पूर्ण विरोध आहे, कारण तीत बिजागरीबरोबर पत्राही वाकतो.

आपल्या पावसाळापूर्व सूचनांत दार उचलून पाहण्याची ही दोन मिनिटांची तपासणी समाविष्ट करावी, अशी विनंती आहे. गॅरेजचालकांनीही स्ट्रायकरला पाना लावण्यापूर्वी ग्राहकाला बिजागरी दाखवावी. माझ्या खांबावर मूळ ठशाखाली स्ट्रायकरचे आणखी दोन ठसे आहेत, दोन्ही वेळच्या पावत्यांवर मात्र ‘दार दुरुस्ती’ असे लिहिलेले आहे.

आपला,
एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे