गल्ल्यावरच्या नजरेनं पणजी

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद. फोनवर तुझ्या दुकानाचा विषय निघाला की आपण दोघी एकमेकींना वाक्य पुरं करू देत नाही. म्हणून लिहितेय. पत्रात निदान तुला मधेच "आई, तसं नसतं गं" म्हणता येणार नाही.

गोव्यात पणजीला आम्ही फिरायलाच गेलो होतो. पण सगळं आयुष्य मॅचिंग सेंटरच्या गल्ल्यावर काढलेल्या बाईला कुठंही न्या, ती दुकानंच बघणार. मिरामारचा समुद्र बाबांनी बघितला. मी गिऱ्हाईक दुकानात कसं शिरतं, कुठं थांबतं आणि काहीही न घेता कधी बाहेर पडतं, ते बघत बसले. तुला जे दुकान काढायचंय, स्वतः छापलेल्या पिशव्या, रुमाल, वह्या वगैरे, त्या जातीची दुकानं त्या गावात ओळीनं आहेत. गणेशोत्सवानंतर तू मैत्रिणींबरोबर गाडीनं जाणारच आहेस, तर जाण्याआधी हे वाच.

आम्ही निपाणी, उत्तूर, आजरा करत आंबोलीचा घाट उतरलो. आजऱ्याला बाबांनी घनसाळ तांदूळ घेतला, जाताना! म्हणजे तो तांदूळ आमच्याबरोबर गोवा बघून परत आला. असो. सावंतवाडीला मात्र थांब, नुसती चहापुरती नको. मोती तलावाकाठी गाडी लाव आणि चितार आळीत जा. तिथली लाखेच्या रंगाची लाकडी फळं, भातुकली, भोवरे हे सगळं तू लहानपणी खेळलीयस. राजवाड्यात गंजिफाची, म्हणजे पत्त्यांच्या एका जुन्या खेळाची, पानं रंगवणारे कारागीर समोर बसून काम करताना दिसतात. दशावतारी गंजिफाचा संच १२० गोल पानांचा असतो, प्रत्येक अवताराची बारा पानं, सगळी हातानं रंगवलेली. ही कला जवळजवळ संपली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती उभी केली, म्हणून आज आपल्याला बघायला मिळते.

मी तिथं बराच वेळ उभी होते. येणारा प्रत्येक माणूस पानांकडे बघून "वा!" म्हणतो, किंमत विचारतो आणि हळूच दुसरीकडे सरकतो. खेळ कुणालाच येत नाही, मग १२० पानं घरी नेऊन करायचं काय? त्याच आळीत लाकडी पेरू मात्र पटापट खपत होते, कारण लेकरू तो हातात घेतं आणि परत ठेवत नाही. आता पेरू मोठा आणि गंजिफा लहान असं मी म्हणत नाहीये. पण तुझ्या त्या एका मोठ्या कापडी चित्राचं तू जे वर्णन करतेस ना, ते मला तिथं सारखं आठवत होतं. "वा!" मिळणारी वस्तू दुकानात हवीच. मात्र भाडं तिच्यातून निघेल असं धरून चालू नकोस.

बांदा, पत्रादेवी, म्हापसा झालं की मांडवीवरचा पूल लागतो आणि आलीच पणजी. गाडी हॉटेलवर ठेवून द्या. फोंतेन्यास या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत गाडी न्यायची नसते, तिथं समोरून स्कूटर आली तरी एकाला भिंतीला टेकावं लागतं. मोझांबिकमध्ये पैसा कमावून आलेल्या एका गृहस्थानं अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथं माड लावले आणि पुढं त्या बागेवर ही वस्ती झाली. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं, मंगलोरी कौलं, लोखंडी कठड्याच्या गॅलऱ्या. पांढरा रंग पूर्वी चर्चसाठी राखून ठेवलेला असायचा म्हणतात. दुकानं या घरांमध्येच आहेत. बाहेरच्या खोलीत माल असतो आणि पडद्यामागून फोडणीचा वास येतो.

एक आत्ताच सांगते. बऱ्याच दारांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत आणि त्यांचं बरोबरच आहे. आमच्यासमोर एक नवरीच्या वेशातली मुलगी कुणाच्या तरी पायरीवर पसरून बसली होती, तिचा फोटोवाला रस्त्यात उताणा झोपलेला, आणि घरातली म्हातारी भाजीची पिशवी घेऊन स्वतःच्याच दाराशी ताटकळत उभी. तुमच्यातल्या त्या रील करणाऱ्या मैत्रिणीला हे वाचून दाखव. नाव लिहीत नाही, तिला कळेल.

आता फरश्या. पणजीभर घरांच्या नावाच्या, नंबराच्या पाट्या निळ्या-पांढऱ्या फरशांवर रंगवलेल्या दिसतात, त्यांना आझुलेजो म्हणतात. आम्ही आधी आझाद मैदानाजवळ मिनेझिस ब्रागांझा संस्थेत गेलो आणि तूही आधी तिथंच जा. प्रवेशद्वाराच्या दालनात भिंतभर फरश्या आहेत. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज कलावंतानं १९३५ साली रंगवलेल्या, कामोंइश या कवीनं वास्को द गामाच्या सफरीवर लिहिलेल्या महाकाव्यातले प्रसंग त्यावर आहेत. जहाजं, दर्या, दरबार, सगळं निळ्या रंगात. बाबांना इतिहासाचा राग आला (वास्को द गामाचं एवढं कौतुक कशाला, म्हणून), पण तेही बराच वेळ मान वर करून उभे राहिले.

ते डोळ्यांत साठवून मग फोंतेन्यासमधल्या फरश्यांच्या दुकानात शिरलो. मी समजत होते हे काम गोव्यात शेकड्यांनी वर्षं चालत आलंय. तसं नाही. जुन्या फरश्या पोर्तुगालहून यायच्या. इथं त्या रंगवणं सुरू झालं ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी, गोव्याचाच एक कलावंत पोर्तुगालला जाऊन शिकून आला त्यानंतर. म्हणजे ही 'परंपरा' तुझ्या आगेमागेच्या वयाची आहे! आणि आज ती गावाची ओळख होऊन बसलीय.

काम कसं चालतं ते समजून घेतलं. भाजलेल्या फरशीवर पांढऱ्या झिलईचा थर देतात आणि तो सुकला की त्यावर रंगवतात. तो थर पाणी असं शोषतो की एकदा कुंचला टेकला की संपलं, पुसायची सोय नाही. कोबाल्टचा रंग तेव्हा काळपट दिसतो, निळा होतो तो भट्टीतून निघाल्यावर. म्हणजे रंगवणाऱ्याला न दिसणारा निळा डोक्यात धरून रंगवावं लागतं. तुझ्या छपाईत रंग धुतल्यावर उघडतो म्हणून तू कुरकुरतेस, तर या लोकांना एकदा भेट.

पण दुकानदार म्हणून मला जे आवडलं ते वेगळंच. त्यांचा धंदा शोभेच्या फरशीवर उभा नाही, नावाच्या पाटीवर आहे. पाटी ही गरज आहे. घर बांधलं की पाटी लागते आणि दुसऱ्याच्या नावाची पाटी कुणी स्वस्तात घेऊन जाऊ शकत नाही. आगाऊ रक्कम घेऊन काम करायचं, माल पडून राहायचा प्रश्नच नाही. मॅचिंग सेंटरमध्ये माझा अर्धा जीव पडून राहिलेल्या मालात गेला. पोपटी रंगाचे ब्लाउजपीस आठवतात ना? दुकान बंद करताना दोन गठ्ठे निघाले. तेव्हा विचार कर, तुझ्या छपाईत 'पाटी' कुठली?

दुसरं बघण्यासारखं दुकान व्यंगचित्रकार मारिओ मिरांडाच्या चित्रांचं. मुंबईत कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर आपण ती माणसं बघितली होती, मोठ्या नाकाची, गर्दीतही प्रत्येकाचा चेहरा निराळा. मारिओ लोटलीचे. १९२६ साली जन्मले, २०११ मध्ये गेले, आणि त्यांची रेघ अजून दुकान चालवतेय. कप, फरश्या, ॲप्रन, पोस्टकार्ड, चौकटीतली मोठी चित्रं. कॉलेजच्या पोरापासून बंगलेवाल्यापर्यंत प्रत्येकाच्या खिशाला परवडेल असं काहीतरी आहे आणि रिकाम्या हातानं कुणी बाहेर पडत नाही. वस्तू पन्नास, पण हात एकाच माणसाचा. तुझी शेवटची तीन कामं तिघींनी केल्यासारखी दिसतात, हे मी मागेच म्हणाले होते आणि तू रुसली होतीस. आता पुन्हा म्हणतेय.

कुणबी साडीही बघितली, लाल चौकड्यांची, जाड सुताची. ही गावड्या-कुणब्यांच्या बायकांची शेतात नेसायची साडी. विणणारे जवळजवळ उरले नव्हते, तेव्हा वेंडेल रॉड्रिक्स या गोव्याच्याच फॅशनवाल्यानं ती मोठ्या शहरांच्या रॅम्पवर नेली. आता पर्स, उशांचे अभ्रे, टाय, सगळ्यावर त्या चौकड्या आहेत. एका दुकानात मी कापड बोटांत धरलं आणि मला मागाची खडखड ऐकू आली. इचलकरंजीत जन्म काढलाय, यंत्रमागाचं कापड मला कोण हातमागाचं म्हणून विकणार! विक्रेतीला विचारलं, कुठं विणलं? ती हसली आणि म्हणाली, "तें म्हाका खबर ना." यंत्रमागाला मी नावं ठेवणार नाही, आपण त्याचंच खाल्लंय. पण मग हातमागाची किंमत लावू नये. तुझ्या वस्तूवर काय लिहायचं ते जपून लिही. गिऱ्हाइकांत माझ्यासारखी एखादी असतेच.

दुपारी एकच्या पुढं दुकानं मिटतात, ती साडेतीन-चारला उघडतात. बाबा चिडले, "एवढे पर्यटक आलेत आणि हे झोपतात?" मी मात्र मनातल्या मनात हात जोडले. तुझ्या लहानपणी मी दुपारी शटर ओढू शकले असते तर तू आजीच्या हातचं जेवून मोठी झाली नसतीस. तू मात्र दुपारच्या उन्हात बंद दारं बघत फिरू नकोस, ती वेळ जेवणाची.

खाण्याचं बाबांनी लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पेपर वाचतायत, तेव्हा मीच लिहिते. सकाळी कॅफे ताटोमध्ये जा. शंभर वर्षांहून जुनं आहे. पातळ भाजी, सुकी भाजी, पाव, वर एक मिरची भजी, नाहीतर बन्स. टेबल अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यावं लागतं, तिथं संकोच करायचा नाही. आमच्या टेबलावरच्या काकांनी आम्ही कुठले ते विचारलं, तांबड्या-पांढऱ्याची चौकशी केली आणि जाताना बाबांना सांगितलं की पावाऐवजी पोई मागायची, कोंड्याची असते ती. पोदेर, म्हणजे पाववाला, अजून सायकलवर टोपली बांधून भोंगा वाजवत गल्लीत येतो. आमच्या लॉजखाली भल्या पहाटे यायचा.

दुपारी माशाचं ताट घ्या. हुमण (माशाची आमटी), सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, तिसऱ्यो (शिंपल्या), रव्यात तळलेला तुकडा, सोलकढी. सोमवारी गेलात तर बऱ्याच हिंदू घरांत शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतं, त्या दिवशी खतखतं (मिसळीच्या भाज्यांचं) मिळालं तर सोडू नका. संध्याकाळी गाड्यावर रोस ऑम्लेट. ऑम्लेटवर शागुतीचा, म्हणजे मसालेदार चिकनचा, रस्सा ओतून देतात, कोल्हापुरी माणसाला याहून जास्त काही समजावून सांगायची गरज नाही. फोंतेन्यासमधल्या ३१ जानेवारी रस्त्यावरच्या जुन्या बेकरीत कोळंबीची पॅटीस आणि बिबिंका. बिबिंका करणं म्हणजे कष्टाचं काम: अंड्याचा बलक, नारळाचं दूध, साखर, तूप, आणि एकेक थर वरून विस्तव देऊन भाजला की मगच पुढचा ओतायचा. २०२३ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. फेणीला ते २००९ सालीच मिळालंय, ही माहिती बाबांनी तिथल्या एका छोट्याशा बारमध्ये बसून मिळवली. त्यांच्या ग्लासातल्या लालभडक कोकमात आणखी काय होतं ते मी विचारलं नाही.

एका नव्या कॅफेतही बसलो. अंधार, उंच स्टुलं, भिंतीवर विकायला ठेवलेली चित्रं. कॉफीच्या पैशांत ताटोत चौघं जण जेवले असते. मी पोराला विचारलं, चित्रं खपतात का? म्हणाला, महिन्याला एखादं. पण चित्रकाराच्या नावाची चिठ्ठी प्रत्येक बिलाबरोबर देतात, त्यावरून लोक थेट त्याला शोधतात. हे मला पटलं. पुण्यात अशा दोन-तीन कॅफेंत तुझा माल ठेवून बघ, आधी बारा महिने भाड्याचा गाळा घेण्यापेक्षा. आणि पावसाळ्याचं विसरू नकोस. पणजीतला एक कागदाच्या वस्तूंचा दुकानदार सांगत होता की जून ते सप्टेंबर त्याचा निम्मा वेळ बुरशी पुसण्यात जातो आणि गिऱ्हाईकही कमी. आठ महिन्यांच्या विक्रीत बारा महिन्यांचं भाडं बसवायचं. पुण्यात पाऊस कमी असला तरी तुझेही मंद महिने येतील. दिवाळीची कमाई फेब्रुवारीत संपवून बसायची नसते.

तू दुकान काढू नकोस असं मी कधीच म्हणाले नाही, तुला ते तसं ऐकू येतं. परतीच्या वाटेवर आंबोली चढताना बाबाच म्हणाले, "पोरीचं जमेल, फक्त हिशेब तुझ्यासारखा ठेवायला हवा." हे त्यांनी तुला सांगू नकोस म्हणून सांगितलंय.

गाळ्याचं भाडं, डिपॉझिट, विजेचा अंदाज आणि एका पिशवीला कापड, रंग, शिलाई धरून येणारा खर्च, एवढे आकडे एका कागदावर लिहून पाठव. तुझी मजुरी त्यात धर, ती तू नेहमी विसरतेस. मी जुन्या वहीत मांडून रविवारपर्यंत परत पाठवते. डोदोल, ती गोव्याची मिठाई, कुरिअरनं पाठवलाय, मैत्रिणींना दे. फरशी मात्र पाठवत नाही, फुटेल. तिच्यावर फक्त 'सई' रंगवून घेतलंय, पुढची जागा दुकानाच्या नावासाठी कोरी ठेवलीय. नाव ठरलं की सप्टेंबरात जाताना तीच फरशी घेऊन जा. पण भट्टीतून काढलेल्या फरशीवर पुन्हा रंगवता येतं का, ते आधी त्यांना फोन करून विचार. बाबा म्हणतात येतं, आणि बाबांना त्यातलं काही कळत नाही.

तुझी,
आई