मोटर बदलली, पाणी तिथेच: फ्लोअर स्क्रबरच्या सेवेबाबत तक्रार

दिनांक : ८ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्रीपश्चात सेवा विभाग,
पुणे विभागीय कार्यालय

विषय : तपासणी न करता बदललेल्या भागांचे पैसे परत मिळणे व बॅटरीच्या वॉरंटीबाबत

महोदय,

सांगलीतील आमच्या मंगल कार्यालयासाठी आम्ही फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या कंपनीचे बॅटरीवर चालणारे फ्लोअर स्क्रबर, म्हणजे फरशी घासून वरचे पाणी ओढून घेणारे मशीन, घेतले. मशीनला एक वर्षाची वॉरंटी आहे, शिवाय वर्षातून चार भेटींचा एएमसी (वार्षिक देखभाल) करारही आम्ही केला आहे. मशीन चांगले आहे, हे आधीच सांगतो. दोन हॉलची कोटा फरशी पूर्वी चार बायका तीन तास पुसत बसायच्या, ते काम आता तासाभरात होते. माझी तक्रार मशीनबद्दल नाही. ते दुरुस्त करायला जी माणसे येतात, ती न बघताच भाग बदलतात, ही तक्रार आहे.

तुळशीचे लग्न झाले, हंगाम सुरू झाला आणि मशीन मागे पाणी सोडू लागले. १८ नोव्हेंबरला आपले टेक्निशियन आले. मागच्या स्क्विजीच्या (पाणी निपटणाऱ्या भागाच्या) रबरी पट्ट्या झिजल्या म्हणून त्यांनी नवी जोडी लावली, ३,६०० रुपये. पाणी तरीही राहिले. २३ तारखेच्या हळदीला फरशीवरच्या त्याच ओल्या पट्ट्यावरून एक वाढपी जिलब्यांच्या परातीसकट घसरला. मनगट मुरगळण्यावर निभावले. दुसऱ्या दिवशी टेक्निशियन परत आले, पाच मिनिटे आवाज ऐकला आणि पाणी ओढणारी व्हॅक्यूम मोटर गेल्याचे सांगितले. मोटरीत फेस शिरला, हा वापरणाऱ्याचा दोष, म्हणून वॉरंटी लागू नाही, असेही तेच म्हणाले. आम्ही तुमच्याच कंपनीचे सफाईचे लिक्विड तुम्ही सांगितलेल्या मापाने वापरतो, पावत्या सोबत जोडल्या आहेत. पण दोन दिवसांवर लग्न होते, वाद कोण घालणार? १८,४०० रुपये भरले. नवी मोटर बसली आणि पाणी होते तिथेच राहिले.

दोष सापडला २७ तारखेला, आणि तो आमच्या सफाईच्या मावशींनी शोधला. घाण पाण्याच्या टाकीतून जो ड्रेन पाइप खाली येतो, त्याच्या बुचाच्या वॉशरखाली अक्षतेचा एक दाणा अडकला होता. बूच बसल्यासारखे दिसायचे, पण फटीतून हवा आत जायची. मोटर ओढायची ती तिथली हवा, फरशीवरचे पाणी नव्हे. मावशींनी बूच हाताने दाबून धरले, मोटरीचा सूर बदलला आणि पाणी सळसळत वर गेले. त्या म्हणाल्या, "कुकरच्या झाकणात शीत अडकलं की शिट्टी होत नाही, तसंच हाय हे." मावशींचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे.

आता मला सांगा, हे तपासायला काय लागले असते? टाकीचे झाकण उघडून मोटरीच्या तोंडाशी तळवा धरायचा. तिथे ओढ जोरदार असेल तर मोटर ठीक आहे. मग झाकणाचे गॅस्केट, ड्रेनचे बूच, स्क्विजीपासून टाकीपर्यंतचा पाइप आणि टाकीतला फ्लोट (टाकी भरली की ओढ थांबवणारा तरंगा) एकेक करून बघायचे. यात सुटा भाग एकही लागत नाही, वेळ फार तर दहा मिनिटे. हे मला आता समजले, तुमच्या माणसाला आधीपासून माहीत असायला हवे होते. जुनी मोटर उघडून आतला फेस दाखवा म्हटले, तर "कंपनीत जमा करावी लागते" म्हणून ती गाडीत टाकून नेली.

पट्ट्यांचेही तसेच. स्क्विजीच्या पट्टीला चार कडा असतात. एक झिजली की पट्टी फिरवून दुसरी वापरायची. आमची फेब्रुवारीपासून एकच कडा वापरात होती, म्हणजे तीन कोऱ्या असताना पट्टी बाद ठरवली गेली. सुदैवाने जुन्या पट्ट्या इथेच टाकून गेले होते. त्या फिरवून लावल्या, आज मशीन त्यांच्यावरच चालते. शिवाय मुदपाकखान्याच्या बोळात तेल सांडतेच, आणि साधे रबर तेलाने फुगून वाकडे होते. तिथे पॉलियुरेथेनच्या पट्ट्या लागतात, हे विक्रीच्या वेळी कोणी बोलले नाही. उलट "झाडते, धुते, पुसते, तिन्ही एकदम" असे सांगून मशीन गळ्यात मारले. प्रत्यक्षात आधी झाडून अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या काढाव्याच लागतात.

बॅटरीबाबत थोडी चूक आमचीही आहे. चातुर्मासात लग्ने नसतात, मशीन चार महिने कोपऱ्यात उभे होते आणि आम्ही चार्जिंग केले नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पडून राहिली तरी आपोआप उतरते आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेट धरते. महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करायला हवे होते. एकदा तर आमच्या पोराने चार्जिंगच्या आधीच डिस्टिल्ड वॉटर काठोकाठ भरले आणि आम्ल उतू आले. मान्य. पण हे शिकवायचे कोणी? मशीन बसवताना वीस मिनिटांत बटणे दाखवली आणि इंग्रजी पुस्तिका हातात दिली. जुलैची भेट झालीच नाही. ऑगस्टच्या सर्व्हिस रिपोर्टवर 'बॅटरी तपासली' यापुढे बरोबरची खूण आहे, ग्रॅव्हिटीचा (बॅटरीतल्या आम्लाच्या घनतेचा) रकाना मात्र कोरा. ती मोजणारा हायड्रोमीटर तेव्हाच घातला असता तर ऑगस्टमध्येच कळले असते. आता इथल्या बॅटरीवाल्याने मोजले. पूर्ण चार्जनंतर १.२६ ते १.२८ दिसायला हवे, आमच्या तीन सेलमध्ये १.१५ सुद्धा येत नाही. अडीच तास चालणारे मशीन चाळीस मिनिटांत बसते.

तेव्हा मोटरीचे १८,४०० आणि पट्ट्यांचे ३,६००, असे २२,००० रुपये परत करावेत. मोटर खरोखर फेसाने गेली होती असे अजूनही म्हणणे असेल, तर ती आमच्यासमोर उघडावी. बॅटऱ्या आमच्या हलगर्जीने गेल्या, तितक्याच तुमच्याही, म्हणून नव्या जोडीचा निम्मा खर्च आम्ही सोसू. बुडालेली भेट भरून द्यावी आणि रोजची, आठवड्याची व महिन्याची निगा मराठीत एका कागदावर लिहून द्यावी. तो मावशी भिंतीवर लावणार आहेत. आमची खरेदी व्यवसायासाठी असल्याने ग्राहक आयोगात तुम्ही तोच मुद्दा काढाल, याची कल्पना वकिलांनी दिली आहे. परंतु एएमसी करारावर सही तुमचीही आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. २६ डिसेंबरला हॉलवर मोठे कार्य आहे. माणूस पाठवणार असाल तर त्याआधी पाठवा, आणि हायड्रोमीटर घेऊन पाठवा.

आपला,
व्यवस्थापक,
मंगल कार्यालय, सांगली