माँटोनेतली सूर्यघडी आणि माणगावचा पुतळा

इटलीतील माँटोने गावात २०२३ मध्ये नाईक (हा सैन्यातला हुद्दा) यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघडी उभारली गेली. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा हा मुलगा, ब्रिटिश काळातल्या भारतीय सैन्याच्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री या पायदळ रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनचा. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनने त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे ठार किंवा जखमी केले. एकटे उरलेले घाडगे थेट त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा निकामी, एकाला गोळी. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. मग दबा धरलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय अवघे बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळाले. कबर नाही, इटलीतल्याच कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे.

ते पदक देणारा राजा परका होता, हे खरे. पण म्हणून पराक्रम परका ठरत नाही.

माणगावात त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा महामार्गावर माणगावच्या कोंडीत अर्धा-अर्धा तास अडकणाऱ्या आमच्यासारख्यांपैकी किती जणांना तो ठाऊक असेल? (वाचायला वेळ तर भरपूर असतो!) या पराक्रमाची हकिगत सोप्या मराठीत लिहिलेला एक ठळक फलक महामार्गालगत लावावा, एवढीच जिल्हा प्रशासनाला विनंती.

– एक वाचक, पनवेल