‘सावकाश ये’चा हिशोब

पुणे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. काकूंच्या पोस्टकार्डावरचं ‘सावकाश ये’ त्यांच्याच अक्षरात हातावर गोंदवून घ्यायचं, ही तुझी कल्पना फार आवडली. आता तुझा प्रश्न: एकानं १५०० सांगितले, दुसऱ्यानं ३५००, तर लुटतंय कोण? कदाचित कुणीच नाही.

भाव बहुधा चौरस इंचावर असतो. आपल्याकडे साधारण ५०० ते १००० रुपये, नाव झालेल्या कलाकाराकडे त्याहून बराच जास्त. पण किमान शुल्क म्हणूनही एक प्रकार असतो. बरेच जण दीड-दोन हजारांच्या खाली कामच घेत नाहीत, मग टॅटू टिकलीएवढा का असेना. त्यामुळे खर्च वाचवायला तू दोन इंचांत बसवायचं म्हणतोस, त्यात फारसं काही वाचणार नाही. वर नुकसान आहे. कातडीतली शाई वर्षांगणिक थोडी पसरते, रेघ जाडावते. बारीक अक्षरात ‘व’चं पोट आणि ‘श’ची गाठ बुजली, की काकूंचं वळण गेलंच म्हणून समज. चार इंच लांबी घे. कोपराच्या आत, मनगटाच्या बरंच वर. बोटांवर नको, तिथली शाई लवकर उडते.

किमान शुल्क का, ते मेहुण्याच्या टॅटूसाठी त्याच्याबरोबर गेलो तेव्हा कळलं. गोंदणाऱ्या मुलीनं सुईचं पाकीट आमच्यासमोर फोडलं, त्याआधी त्यावरची तारीख दाखवली. मशीन, वायर, टेबल, सगळ्याला नवं प्लास्टिक गुंडाळलं. बुचाएवढ्या टोपणांत शाई ओतली आणि काम झाल्यावर उरलेली सरळ फेकली. गोंदायच्या आधी कातडीवर उमटवतात ते जांभळं स्टेन्सिल तिरकं बसलं म्हणून दोनदा पुसून पुन्हा लावलं. एवढी मांडामांड एका अक्षरालाही तेवढीच. जत्रेत अक्षरामागे भाव करून गोंदतात ते स्वस्तच असतं, पण तीच सुई आधी कुणाच्या हातात शिरली होती कुणास ठाऊक! हिपॅटायटीस बी, सी, एचआयव्ही, सगळं त्याच वाटेनं येऊ शकतं. म्हणून १५००वाल्याला सुईचं विचार आणि ३५००वाल्यालाही विचार. महाग म्हणजे स्वच्छ असं काही नसतं. टच-अप फुकट आहे का, तेही आधीच बोलून घे. जखम भरल्यावर एखादी रेघ फिकी निघतेच.

पैशांत न मोजता येणारा खर्चही आहे. दोन-तीन आठवडे तुझं सकाळचं पोहणं बंद. आणि गणपतीतल्या शिबिरात दरवर्षी रक्त देतोस ना? टॅटूनंतर आपल्याकडे वर्षभर रक्त घेत नाहीत. यंदाचं शिबिर उरकून मगच बस.

गोंदलेलं पुसायची वेळ आली तर मात्र खिसा खरा रिकामा होतो. लेझरला पाच-सात, कधी दहा बैठकाही लागतात, मध्ये दीड-दोन महिन्यांचं अंतर आणि प्रत्येक बैठकीचे हजारो रुपये. काळा रंग त्यातल्या त्यात बरा निघतो. हिरवा, पिवळा चिवट. तेव्हा रंगीत फुलंबिलं सुचवली तर नाही म्हण.

चिरंजीवांना दंडावर वाघ हवाय म्हणे. सैन्यभरतीची तयारी चाललीय ना त्याची? त्याला आत्ताच थांबव. कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू, एवढीच जागा सैन्याला चालते. (आदिवासी समाजांच्या परंपरेला सूट आहे, ती आपल्याला लागू नाही.) दंडावरच्या वाघापायी मेडिकलला बाहेर काढलं, तर त्या वाघाची किंमत कुठल्या इंचानं मोजायची?

तू ठरवलंस की कळव, मी बरोबर येतो. पोस्टकार्ड लॅमिनेट करू नकोस, तसंच घेऊन ये, तिथं स्कॅन करतील. साखर तपासून ये, जास्त असली तर जखम भरायला वेळ लागतो. उपाशी मात्र येऊ नकोस. मेहुण्याला तिथं चक्कर आली होती आणि खालच्या अमृततुल्यातून चहा-क्रीमरोल आणायला मीच धावलो होतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश